पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर न्यायालयाकडे काय मागता येते?

प्रश्न : नाशिकजवळ आमची द्राक्षबाग आहे. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने भाव ठरवून माल तोडून नेला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले आणि उरलेल्या रकमेचा धनादेश दिला. तो या महिन्यात न वटता परत आला, तोपर्यंत व्यापारी भाड्याचा गाळा सोडून गेला होता आणि त्याचा फोनही बंद होता. गावातील आणखी काही जणांशी तो असाच वागला आहे. पोलीस ठाण्यात अर्जावर शिक्का मिळाला, पण ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून गुन्हा नोंदवला नाही. न्यायालय पोलिसांना तसा आदेश देऊ शकते का?
– एक द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा

उत्तर : होय, देऊ शकते. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 156(3) मध्ये होता आणि वकील मंडळी आजही ‘एकशे छप्पन तीनचा अर्ज’ असेच म्हणतात. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) मध्ये आहे. मात्र थेट न्यायालयात जाता येत नाही. पोलीस ठाण्याने नकार दिल्यावर तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवावा लागतो. आपले गाव ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असेल तर नाशिक ग्रामीणच्या अधीक्षकांना आणि शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर तेथील वरिष्ठांना तो पाठवावा व टपालाची पावती जपून ठेवावी. तेथेही दाद मिळाली नाही, तर आपल्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आवश्यक आहे; सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खोट्या अर्जांना आळा बसावा म्हणून घातलेली ही अट आता कायद्यातच आली आहे. आपल्याकडील शिक्का मारलेला अर्ज हा पहिल्या पायरीचा पुरावा आहे, तो हातचा जाऊ देऊ नका.

‘दिवाणी प्रकरण’ या उत्तराने आपण खचून जाऊ नये, पण त्यातील मुद्दा समजून घ्यावा. नुसती उधारी थकली म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सौदा करतानाच पैसे बुडवण्याचा हेतू होता, हे तक्रारीतील घटनांवरून दिसावे लागते. आपल्या प्रकरणात आधी थोडे रोख देऊन विश्वास मिळवणे, नंतर गाळा सोडणे आणि इतर शेतकऱ्यांशीही तीच पद्धत वापरणे या गोष्टी तारीखवार लिहिल्या, तर तो हेतू सूचित होतो, असे माझे मत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खालील फसवणूक हा दखलपात्र गुन्हा (म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात असा) असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रारीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये स्पष्ट केले. व्यापारी व्यवहारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा त्याच निकालात आहे, पण ती गुन्हा दिसतो की नाही एवढ्यापुरतीच.

आदेश आपोआप मिळत नाही. न्यायदंडाधिकारी आवश्यक वाटेल ती चौकशी करतात आणि नव्या कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्याचे म्हणणेही विचारात घेतात. सगळा पुरावा तक्रारदाराच्याच हाती आहे असे दिसले, तर पोलीस तपासाऐवजी खासगी फौजदारी तक्रार म्हणून प्रकरण चालवण्याकडे न्यायालयाचा कल होऊ शकतो, आणि मग साक्षीपुराव्याचा भार तुमच्यावर येतो. म्हणून पोलिसांशिवाय काय मिळणार नाही, हे अर्जात ठळकपणे मांडावे : व्यापाऱ्याचा ठावठिकाणा, त्याच्या बँक खात्यांतील उलाढाल, माल पुढे कोणाला विकला गेला, गाड्या कोणाच्या होत्या. वजनाच्या पावत्या आणि मोबाईलवरील संदेश जोडावेत. तपासाचा आदेश झाला की गुन्हा नोंदवणे ओघानेच येते, आणि तपास नीट होत नसेल तर त्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकारही न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे, हे साकिरी वासू खटल्यात 2008 मध्येच मान्य झाले आहे.

मला खरी काळजी धनादेशाची वाटते. त्याची फौजदारी तक्रार स्वतंत्र आहे आणि पोलीस ठाण्याच्या खेपांमुळे तिची मुदत थांबत नाही. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढील एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. तेव्हा अधीक्षकांकडील अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता, बँकेच्या मेमोवरील तारीख आजच वकिलांना दाखवून त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर ही नोटीस पाठवावी.