कारखान्यात हेल्थ कोच नेमायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

तीन पाळ्यांत ३०० कामगार, दरवर्षी तपासणी होते, पण पुढे काहीच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तर आधी ते अहवाल एचआरच्या कपाटातून बाहेर काढा. शुगर निघाली तर गेटपास जाईल, ही भीती कंत्राटी कामगाराला असतेच. मग गोळ्या चालू असूनही तो "काही त्रास नाही" म्हणतो, आणि सवयी बदलायला मदत करणारा हा कोच कितीही चांगला असो, त्याचं काम तिथेच संपतं. नावानिशी नोंदी डॉक्टर आणि कोचकडेच राहू द्या, व्यवस्थापनाला एकूण आकडे द्या. सात-आठ जणांच्या विभागाचे आकडेही वेगळे देऊ नका, माणूस लगेच ओळखू येतो.

रक्तदाब लाइनवरून आल्या आल्या मोजू नका. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. १४०/९० किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरीही तसाच असेल तर डॉक्टरकडे पाठवा. गोळ्यांच्या डोसला कोचने हात लावायचा नाही.

पहिल्या भेटीला वीस मिनिटं द्या, तीही पाळीच्या वेळेत. सुटल्यावर बस पकडायची असते, कोणी थांबत नाही. कोचने उपदेश न करता विचारावं, "तुम्हाला काय बदलावंसं वाटतं? जमेल याची खात्री दहापैकी किती?" उत्तर सातच्या खाली आलं तर ठरवलेली गोष्ट लहान करा. "रोज व्यायाम" नको, "जेवल्यावर स्टोअरपर्यंत दोन फेऱ्या" चालेल. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटा.

कॅन्टीनचा चहा साखर घालूनच येतो. कपात दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम. चार कपांत ४०. बिनसाखरेची किटली वेगळी ठेवा. लोणचं-पापडात मीठ जास्त, ते मागेल त्यालाच वाढा.

रात्रपाळीत इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्याचं जेवण चुकलं तर रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला की त्याला आधी मशीनपासून दूर करा. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ग्लुकोमीटर रात्रीच्या सुपरवायझरच्या हाताशी हवा, कुलूपबंद दवाखान्यात नको.