1966 च्या एमजीबीला ओव्हरड्राइव्ह बसवता येईल का?

तुमचा प्रश्न असा: गाडी 1966 ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), साधा चार गिअरचा बॉक्स. शहरात मस्त चालते, पण वर्धा रोडला लागून ऐंशीच्या पुढे नेली की इंजिन ओरडतं. आहे त्याच बॉक्सला मागून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, जोडता येईल का?

नुसता मागून जोडता येत नाही. ओव्हरड्राइव्हवाल्या बॉक्सचा मेनशाफ्टच (आतला मुख्य दांडा) वेगळा असतो, त्यामुळे बॉक्स पूर्ण खोलून शाफ्ट बदलल्याशिवाय काम होत नाही. त्यापेक्षा ओव्हरड्राइव्हसकट अख्खा बॉक्स आणा आणि तुमचा मूळ बॉक्स तेल भरून, गुंडाळून जपून ठेवा. तो विकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. पण ओव्हरड्राइव्ह बसवाच, हे मी अगदी मनापासून सांगतो. कारखान्यातून ही गाडी ज्या पर्यायासह मिळत होती तोच तुम्ही बसवताय, गाडीवर कुठलाही अत्याचार करत नाही आहात.

फरक किती पडतो ते बघा. तुमच्या गाडीचा क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) 3.9 चा आहे, म्हणजे टॉपमध्ये, चौथ्या गिअरला, दर हजार आरपीएमला साधारण 29 किमीचा वेग मिळतो. ताशी 100 ला इंजिन जवळजवळ 3,500 वर फिरतं. तुमच्या गाडीच्या काळातल्या डी-टाइप ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर 0.802, त्यामुळे तोच वेग 2,800 वर मिळतो. हे सातशे फेरे कानाला लगेच कळतात. शिवाय तो तिसऱ्या गिअरवरही लागतो, म्हणजे चारचे सहा गिअर हाताशी येतात. मला स्वतःला तिसऱ्याचा ओव्हरड्राइव्ह जास्त आवडतो. ट्रकच्या मागे अडकलात की स्विच पाडायचा, ओव्हरटेक करायचं, परत लावायचा. क्लच दाबायचीही गरज नाही.

आता खरेदी. इथेच बहुतेकांची फसगत होते. एमजीबीत दोन जातीचे ओव्हरड्राइव्ह आले. 1967 च्या अखेरपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली रचना) नसलेला बॉक्स होता, त्यावर डी-टाइप बसायचा. त्यानंतरच्या पूर्ण सिंक्रोच्या बॉक्सवर एलएच-टाइप. तुम्हाला डी-टाइपचाच हवा. नंतरचा बॉक्स चांगला असतो, पण त्याला टनेल (बॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा) रुंद लागतो, इंजिनची मागची प्लेट वेगळी लागते. म्हणजे गाडी कापावी लागेल. मी तरी ते करणार नाही. जुन्या स्टँडर्ड व्हॅन्गार्डचा ओव्हरड्राइव्ह कोणी देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. तोही तुमच्यासारखाच शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा, पण ए-टाइप, तुमच्या बॉक्सला बसत नाही. प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) वेगळा लागेल की नाही हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही बॉक्सची लांबी पुढच्या तोंडापासून मागच्या फ्लँजपर्यंत मोजा, मग ठरवा. स्पीडोमीटरही नव्या बॉक्सशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर काटा खोटं बोलतो.

बॉक्स हातात आल्यावर थेट गाडीत चढवू नका. एमजीबीत गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे इंजिनसकट बाहेर काढावा लागतो, ते काम दोनदा करायची कोणाला हौस आहे? आधी तेल भरा, लेथवर किंवा मोटरवर इनपुट शाफ्ट फिरवा, टॉप गिअर टाका आणि सॉलिनॉइडला (लिव्हर ओढून ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विजेच्या चुंबकाला) बॅटरी लावा. मागच्या फ्लँजचा वेग स्पष्ट वाढला पाहिजे, बॅटरी काढली की लगेच उतरला पाहिजे. वेळ लावून उतरत असेल तर वरच्या प्लगखालचा व्हॉल्व्ह काढून बघा. त्याच्या दांडीला एक अगदी बारीक भोक असतं. दाब त्यातून सुटतो आणि कचरा आधी तिथेच अडकतो. बारीक तारेने साफ करा.

सॉलिनॉइडवर जरा वेळ घालवा. डी-टाइपच्या सॉलिनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात: एक जोरात ओढणारं, पंधरा-वीस अँपिअर खाणारं, आणि दुसरं नुसतं धरून ठेवणारं. प्लंजर (सॉलिनॉइडमधली सरकणारी दांडी) पूर्ण आत गेला की पहिल्याचा करंट तुटतो. लिव्हर जरा चुकीचा सेट झाला की तो तुटत नाही, आणि सॉलिनॉइड काही वेळात जळतो. सेटिंगसाठी लिव्हरला भोक आहे. सॉलिनॉइड चालू असताना 3/16 इंची पिन, म्हणजे त्या मापाच्या ड्रिलची मागची बाजू, त्यातून केसिंगच्या भोकात सरळ गेली पाहिजे. वायरिंगला रिले हवाच. 1966 च्या गाडीत बॅटरीचा प्लस अर्थला असतो, हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगा. आणि तिसऱ्या-चौथ्याशिवाय ओव्हरड्राइव्ह लागू न देणारा बॉक्सवरचा स्विच कधीही बायपास करू देऊ नका. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला एका दिशेने फिरणारा रोलर क्लच आणि कोन क्लच एकमेकांविरुद्ध ओढतात आणि काहीतरी तुटतंच. कधी तो सुटलाच नाही, अडकला, तर गाडी ढकलून मागे घ्या.

तेलाचं तर मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडचा मिस्त्री गिअरबॉक्स म्हटलं की सवयीने 90 नंबरचं तेल ओततो. यात इंजिनचंच 20डब्ल्यू-50 जातं, तेही कुठलाही अ‍ॅडिटिव्ह न घालता. ओव्हरड्राइव्हचा कोन क्लच याच तेलात काम करतो, तेल फार निसरडं झालं की तो घसरतो. तुमच्या बॉक्सची डिपस्टिक टनेलवरच्या रबरी बुचाखाली आहे. पहिली चक्कर मारून आलात की लेव्हल पुन्हा बघा, कारण ओव्हरड्राइव्ह थोडं तेल आपल्या पोटात घेतो.

नागपूरकरांसाठी अजून एक. ट्रायल दुपारी घ्या, शक्य असेल तर उन्हाळ्यात. थकलेला पंप किंवा झिजलेली बॉल सीट (व्हॉल्व्हच्या गोळीची बसायची जागा) सकाळच्या गार तेलात चोख दाब देते. तीच गाडी दुपारी बुटीबोरीपर्यंत गेली, तेल पातळ झालं, की ओव्हरड्राइव्ह आपोआप सुटायला लागतो. सकाळी उठून लक्ष्मीनगरला एक फेरी मारून ‘झालं काम’ म्हणणाऱ्याकडून गाडी ताब्यात घेऊ नका. ताशी साठच्या खाली टॉपमध्ये ओव्हरड्राइव्ह लावू नका, इंजिन गुदमरतं.

पाच गिअरचा बॉक्स घालावा का, हेही लोक सुचवतील. तो शांत आणि भक्कम असतो, रोज लांबचा प्रवास असेल तर समजू शकतो. पण गाडी व्हीए मालिकेत, म्हणजे व्हिंटेज गाड्यांच्या खास नंबरांत, नोंदवायचा विचार असेल तर मूळ रूपाजवळ राहिलेलं बरं. शिवाय त्या मालिकेत रोज फिरवायला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढंच. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे, पण तुमच्या गाडीचं सुख नव्वद-शंभरवरच आहे, आणि ओव्हरड्राइव्ह लावल्यावर तिथे ती अगदी निवांत धावते.

कोणी बॉक्स विकायला दाखवला तर पैसे देण्याआधी दोन फोटो इथे टाका: ओव्हरड्राइव्हवरच्या छोट्या पाटीवरचा नंबर वाचता येईल असा एक, आणि सॉलिनॉइडच्या बाजूने लिव्हरसकट दुसरा. डी-टाइप आहे की नाही आणि लिव्हर कोणी वाकवलाय का, एवढं त्यावरून नक्की सांगता येईल.