पाचटाच्या ढिगावरची उडी

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ तीनदा बघितला. ट्रॉलीवरून पाचटाच्या ढिगावर बॅक फ्लिप, मागं भावाची शिट्टी आणि खाली तुझं वाक्य: ‘चास्लाव्स्काला जंगल चाललं, मग मला शेत का नको?’ उडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्यांदा मी नुसते पाय बघितले. डावी टाच पाचटात रुतली आणि गुडघा आत वळला. तू हसत उठलीस, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही.

जिम्नॅस्ट वेरा चास्लाव्स्काची गोष्ट खरीच आहे. १९६८ साली तिनं चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणांच्या बाजूनं निघालेल्या जाहीरनाम्यावर सही केली. ऑगस्टमध्ये देशात सोव्हिएत रणगाडे शिरले आणि ती डोंगरात लपली. झाडाची फांदी हा बार, आडवं पडलेलं खोड हा बीम, म्हणजे तोल सांभाळायची अरुंद तुळई, ताकदीसाठी बटाट्याची पोती. ऑक्टोबरात मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये चार सुवर्ण, दोन रौप्य. लोक इथवर सांगतात आणि टाळ्या घेतात.

अगं, पण ती जंगलात शिकायला गेली नव्हती! १९६० ला रोममध्ये संघाचं रौप्य, १९६४ ला टोकियोत तीन सुवर्णं, त्यात ऑलराउंडचंही, म्हणजे सगळे प्रकार मिळून. विळा आधीच घडलेला होता. जंगलात तिनं त्याला गंज चढू दिला नाही, एवढंच. तुझा अजून भट्टीत आहे.

माझ्या वेळी आमच्याकडं काथ्याची एक गादी होती, मधोमध खड्डा पडलेली. सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कुणीच नाही. मीही नाही. त्या खड्ड्यात उतरले आणि लिगामेंट तुटलं. जोतिबाला पायऱ्या उतरताना अजून कठडा धरते.

शेतात करण्यासारखं पुष्कळ आहे. दोरावर चढ, भिंतीला पाय लावून हँडस्टँड कर. बीम १० सेंमी रुंद असतो. अंगणात खडूनं तेवढा पट्टा आख आणि खाली न बघता चाल. पाय जमीन सोडून डोक्यावरून जाणार असतील, तर मॅट हवी आणि शेजारी धरणारा माणूस हवा. यात सूट नाही.

त्या बाईचं मला जास्त काय आवडतं सांगू? मेक्सिकोत सोव्हिएत राष्ट्रगीत वाजताना तिनं मान खाली घालून तोंड फिरवलं. पुढं सही मागं घे म्हणून दबाव आला, कामं बंद झाली, तरी तिनं ती मागं घेतली नाही. तुला तर फक्त भावाला म्हणायचंय, ‘आज ट्रॉलीवरून नाही.’

रविवारी सकाळी सातला ये. गुडघा बघायचाय, ढगळ चड्डी घाल. भावालाही आण, शिट्टी घरी ठेवून. धरायला माणूस लागणार आहे.

तुझ्या बाई