‘पाइनॅपल’मध्ये सफरचंद नाही, ‘पेन्सिल लेड’मध्ये शिसं नाही, मुलांना अशी नावं कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की सहावीतली तुमची मुलगी प्रत्येक इंग्रजी शब्द फोडून अर्थ लावते. ‘पाइनॅपल’मधलं सफरचंद कुठाय, ‘पेन्सिल लेड’ म्हणजे शिसं असेल तर पेन्सिल तोंडात घातल्यावर विष होईल का, असं विचारते आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही. असे शब्द यादी करून पाठ करून घ्यावेत का, हा तुमचा प्रश्न.

पाठ करून घेऊ नका. आणि शब्द फोडायची तिची सवय मोडू तर अजिबात नका. मी अठरा वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेय. ज्यांना असे प्रश्न पडतात त्यांची भाषा लवकर पक्की होते, हे मी वर्गात पुन्हापुन्हा पाहिलंय. तिला फक्त पुढचा प्रश्न विचारायला शिकवा: हे नाव पडलं तेव्हा ते बरोबर वाटलं असेल का?

पेन्सिलीचंच बघा. सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या बॉरोडेलला एक काळा, मऊ दगड सापडला. हाताला लागायचा, ओढला की रेघ उमटायची. शिशाचीही करडी रेघ उमटते, म्हणून लोकांनी त्याला शिशाचाच प्रकार मानलं. तो कार्बन आहे हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं आणि ‘ग्राफाइट’ हे नाव १७८९ मध्ये आलं. तोवर ‘लेड’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. आजच्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते, त्यामुळे शिशाची भीती नको. (पेन्सिल चावू नये ते वेगळं.) पण ही चूक एकट्या इंग्रजांची नाही. आपणही ‘शिसपेन्सिल’ म्हणतोच की!

इथूनच तिला मराठीकडे वळवा. ‘शाई’ आली फारसीतल्या ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणा. तरी आपण लाल शाई, हिरवी शाई बिनदिक्कत म्हणतो. ‘तेल’ म्हणजे मुळात तिळाचं, आणि आपण शेंगदाण्याचं तेल, खोबऱ्याचं तेल म्हणतो. स्वतःच्या भाषेत हे दिसलं की मुलाला इंग्रजी विचित्र वाटेनासं होतं.

‘पाइनॅपल’ची गोष्ट जराशी वेगळी. तिथे शब्दाचाच अर्थ बदलला. जुन्या इंग्रजीत ‘ॲपल’ कुठल्याही फळाला म्हणत, आणि ‘पाइनॅपल’ हे पाइनच्या झाडाच्या खवल्याखवल्यांच्या शंकूचं नाव होतं. दक्षिण अमेरिकेतलं हे फळ अंगाने तसंच दिसलं, म्हणून तेच नाव त्याला चिकटलं. आपण मात्र पोर्तुगीजांकडून तिथलंच नाव घेतलं, अननस.

‘मीट’चंही तसंच. पूर्वी ‘मीट’ म्हणजे कुठलंही अन्न. म्हणून ‘स्वीटमीट’ म्हणजे मिठाई. आणि ‘स्वीटब्रेड’? ती पावाची जात नव्हे, वासराच्या किंवा कोकराच्या ग्रंथी असतात त्या. शाकाहारी माणसाने हे दोन शब्द जोडीने लक्षात ठेवावेत, कारण हॉटेलात मेन्यूवर कुणी समजावून सांगत नाही.

माझ्या सासूबाई माळकरी. एका नाताळात त्या लेस्टरला नणंदेकडे होत्या. शेजारीण ‘मिन्स पाय’चा खोका घेऊन आली. आत ‘मिन्समीट’ असतं हे नणंदेने वाचलं आणि तिचा हात थबकला. मिन्स म्हणजे खिमा, मीट म्हणजे मांस! शेजारीण बिचारी काकुळतीने सांगत होती, यात मांस नाही. नणंदेने मला फोन लावला. मी म्हटलं, ती खरं बोलतेय. बेदाणे, सफरचंद, संत्र्याची साल, मसाले यांचं ते गोड सारण. पूर्वी त्यात खरोखर खिमा असायचा, पुढे खिमा गेला आणि नाव राहिलं. पण खोका उलटा कर आणि ‘सूएट’ हा शब्द शोध. सापडला. ‘बीफ सूएट’, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. म्हणजे शेजारणीचंही खरं होतं आणि नणंदेची शंकाही रास्त होती. दुसऱ्या दिवशी नणंदेने शाकाहारी छापाचा, ‘व्हेजिटेबल सूएट’वाला खोका शोधून आणला. सासूबाईंनी चहाबरोबर एक खाल्लं आणि म्हणाल्या, ही तर आपल्या करंजीची मावसबहीण.

तेव्हा खाण्याच्या बाबतीत मुलीला एवढी एक सवय लावा. वर छापलेलं नाव वाचून थांबायचं नाही, मागची घटकांची यादी वाचायची.

‘बटरमिल्क’मध्ये लोणी नाही, ‘हॅम्बर्गर’मध्ये हॅम नाही (ते हॅम्बुर्ग शहराचं नाव), ‘टिन फॉइल’ आता ॲल्युमिनियमची असते आणि ‘बॉम्बे डक’ म्हणजे आपला बोंबील. ही तिची तिला शोधू द्या, मजा येईल.

‘पीनट’ मात्र तिच्याबरोबर बसून करा. नावात ‘नट’ असलं तरी ती शेंग आहे, वाटाण्याच्या कुळातली. फूल झडल्यावर त्याचा देठ खाली वाकून मातीत शिरतो आणि शेंग जमिनीत धरते. म्हणूनच पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सूचनेत ‘पीनट्स’ आणि ‘ट्री नट्स’ (बदाम, अक्रोड अशी झाडावरची) वेगवेगळे लिहितात. आणि मग तिला आपला शब्द फोडायला सांगा: भुई, मूग. ‘पीनट’मधल्या ‘पी’ने, म्हणजे वाटाण्याने, फक्त कूळ सांगितलं; आपल्या शेतकऱ्याच्या शब्दात दोन्ही आहे, कुठे वाढतं तेही आणि कुणाच्या कुळातलं तेही.