जगात कुठेही राहता आलं तर आदर्श जागा कोणती? सड्याच्या खाली, मळ्याच्या वर

प्रश्न असा आहे: "पैसा, नोकरी, व्हिसा यांची काही अडचण नाही असं धरलं, तर राहायला जगातली आदर्श जागा कोणती? नुसतं नाव नको, जागा आणि घर नेमकं कसं असेल तेही सांगा."

माझं उत्तर: तळकोकण, कुडाळ ते सावंतवाडी हा पट्टा, समुद्रापासून पंधरा-वीस किलोमीटर आत, सडा (वरचं उघडं पठार) आणि भाताचा मळा यांच्या मधल्या उतारावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच वाडीत दोनशे पावलांच्या अंतरावर उत्तम जागा आणि भिकार जागा असू शकते. गाव बघून जमीन घेणारे तिथेच फसतात.

आधी समुद्राचं. समुद्र दिसणारं घर सुट्टीपुरतं झकास. बारा महिने राहायचं तर खारा वारा खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, पंखे, एसीची कॉइल असं सगळं खात बसतो. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींत मचूळपणा येतो. वर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे, नियम आहेत. भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येतं, हे त्या गावाच्या मंजूर नकाशावर बघितल्याशिवाय एजंटच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि वादळं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या केल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं. पडलेलं छप्पर आठवड्यात चढतं. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात.

आता उतार. तळकोकणातल्या गावाचा उभा छेद घेतला तर वर सडा, म्हणजे जांभ्याचं (तांबड्या दगडाचं) उघडं पठार. त्याखाली आंबा-काजूचा उतार, मग घरं आणि आगर (नारळी-पोफळीची बाग), सगळ्यात खाली मळा आणि व्हाळ (ओढा). ही रचना जुन्या लोकांनी हौसेने केलेली नाही. जांभा चाळणीसारखा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून मुरत खाली जातं, पांढरट-तांबूस चिकणमातीच्या थरावर येऊन अडतं आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथून झऱ्याने बाहेर येतं. जुन्या विहिरी, देवळांच्या तळ्या, आगरं या झऱ्यांच्या रेषेच्या आसपास किंवा जरा खाली सापडतात. सड्यावर घर बांधलंत तर वारा आणि देखावा भरपूर, पण पाणी टँकरने. मळ्यात बांधलंत तर पाणी मुबलक, तेही घरात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूणच्या बाजारपेठेचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं आहे.

मधला पट्टाही डोळे झाकून घ्यायचा नाही. खडकाखालच्या ज्या मऊ थराने पाणी मिळतं, पाणी जास्त झालं की त्याच थरावरून उतार घसरतो. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. तिथला खडक काळा, जांभा नव्हे, पण झिजलेल्या मऊ थरात पाणी साठून वरचा भार सरकतो हा प्रकार दोन्हीकडे सारखाच. म्हणून जागा बघताना मान वर करून बघा. झाडांची खोडं बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेली आहेत का? जमिनीत उताराला आडव्या भेगा आहेत का? गडगा (दगडी कुंपण) मधेच फुगलाय का? वरच्या बाजूला कोणी जेसीबी लावून उताराचा पाया कापलाय का? यातलं शेवटचं सगळ्यात घातक आणि हल्ली सगळ्यात जास्त दिसणारं. प्लॉट सपाट दिसावा म्हणून मागचा उतार दहा-बारा फूट उभा कापतात आणि त्या कापाला टेकून घर बांधतात. ढोबळ नियम असा: मागच्या कड्याची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर घर आणि कड्यामध्ये ठेवा, आणि वरचं पाणी वळवणारा चर आधी खणा, पाया नंतर. पावसाळ्यात झऱ्याचं नितळ पाणी अचानक गढूळ झालं किंवा नसलेल्या ठिकाणी पाणी फुटलं, तर त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही.

पाण्याची परीक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. जानेवारीत दाखवलेली विहीर कोणाचीही भरलेलीच असते. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे साधारण ७,००० लिटर. संध्याकाळी पंपाने पातळी मीटरभर खाली आणा, दगडावर खडूने खूण करा आणि रात्रभर कोणी पाणी काढणार नाही एवढं बघा. बारा तासांत पातळी ३० सेंटिमीटर चढली तर २,१०० लिटर आले: घर, परसातला भाजीपाला, एखादी गाय एवढं निभतं. १० सेंटिमीटरच चढली तर ७०० लिटर, म्हणजे घरापुरतं. बागेचं स्वप्न बघत असाल तर हिशेब वेगळा, कारण एका पोफळीला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला १५ ते २० लिटर लागतात. शंभर पोफळी लावायच्या म्हणाल तर वरची सगळी विहीर त्यांनाच.

विहीर कमी पडत असेल तर लगेच बोअर मारायला धावू नका. चिकणमातीच्या थरात केसिंग (बोअरच्या भिंती धरणारा पाइप) नीट उतरवलं नाही तर बोअर ढासळते किंवा वर्षभर गढूळ पाणी देते. त्यापेक्षा छपराचं पाणी धरा. १०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातलं २० टक्के वाया गेलं असं धरलं तरी २,४०,००० लिटर होतात. एवढं साठवायची गरजच नाही. दोन माणसांना दिवसाला २०० लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना २४,००० लिटर लागतात. १२ बाय १० फूट आणि ८ फूट खोल टाकी त्याला पुरते. जूनचं पहिलं पाणी सोडून द्यायचं, त्यात पक्ष्यांची घाण आणि पाला असतो. टाकी सप्टेंबरच्या पावसावर शेवटची भरून घ्यायची आणि उजेड आत जाणार नाही अशी झाकायची, नाहीतर शेवाळ धरतं. जांभ्यातलं पाणी चवीला गोड लागतं, पण जरा आम्लधर्मी असतं. लोखंडी पाइप आतून गंजतात, म्हणून सगळीकडे प्लॅस्टिकचे घाला.

मे झाला, आता जुलै. पाऊस नैऋत्येकडून येतो आणि झड त्याच बाजूच्या भिंतीला बडवते. पडवी तिकडे काढा, आणि पागोळी जोत्यापासून निदान दोन फूट लांब पडू द्या. जोतं अडीच-तीन फूट उंच. चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, पाणी शोषतो, त्यामुळे जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर दिला नाही तर भिंत तीन-चार फुटांपर्यंत कायम ओली राहते. चिरा निवडताना दोन चिरे एकमेकांवर आपटून आवाज ऐका: टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा भोकांत माती भरलेली दिसली तर परत पाठवा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, म्हणून आदल्या हंगामात आणून उघड्यावर रचून ठेवलेला बरा. सपाट स्लॅबच्या भानगडीत पडू नका. गावात फिरलात तर बहुतेक स्लॅबवर वरून पत्र्याची शेड चढलेली दिसेल, ती काही हौस म्हणून नव्हे.

आत बुरशी येणारच. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे, नैऋत्येच्या भिंतीला तर एकही नको. कपाटात कमी वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून ठेवायची पद्धत आहे. तिथे एलईडी लावून उपयोग नाही, कारण हवी असते ती ऊब.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण हा भाग वकिलाचा आहे. तुम्ही शेतकरी खातेदार नसाल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर बघा. सातबारावर पंचवीस नावं असतील तर पंचविसांच्या सह्या लागतात, आणि त्यातले अर्धे मुंबईत असतात. "इतर हक्क" रकाना नीट वाचा: कूळ, कलम ४३ ची अट (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरची), खाजगी वन. आंबोली-चौकुळ-गेळे भागात कबुलायतदार गावकरांच्या (गावाच्या सामाईक हक्काच्या) जमिनीचा जुना गुंता आहे, तिथे जास्तच जपून. आणि पाणंद म्हणजे रस्ता नव्हे. आज शेजारी ट्रक जाऊ देतो म्हणून उद्या देईल असं नाही. वाट नकाशावर किंवा खरेदीखतात आलीच पाहिजे.

दवाखाना अर्ध्या-पाऊण तासात हवा. इथे फुरसं हा विषारी साप भरपूर, गडग्याच्या आणि चिऱ्यांच्या ढिगाच्या आसऱ्याला राहतं. रात्री अंगणात जातानाही बॅटरी आणि बूट. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे का आणि रात्री डॉक्टर असतो का, हे घर घेण्याआधी स्वतः जाऊन विचारा. लाल विंचवाचं भय पूर्वी फार होतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून ते बरंच कमी झालं, पण वेळेत पोचायला हवं. मोठ्या आजाराला सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, म्हणून मी रत्नागिरीपेक्षा हा दक्षिणेचा पट्टा वर धरतो. मात्र दोडामार्ग-बांदा बाजूला गोचिडांतून होणारा माकडताप २०१६ पासून आहे, आणि तिळारीच्या बाजूला हत्ती बागायतीत उतरतात. जंगलाला चिकटून घर घेताना हे माहीत असू द्या.

विजेसाठी डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) किती खांबांवर घर आहे ते मोजा. ओळीतलं शेवटचं घर असेल तर संध्याकाळी दाब इतका उतरतो की पंप नुसता गुणगुणतो, आणि तसाच चालू ठेवला तर वाइंडिंग जळतं. मल्टीमीटर घेऊन संध्याकाळी सात वाजता मोजा, १८० व्होल्टच्या खाली असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च धरून चाला. अर्थिंगचा खड्डा ओलसर जागी खोल घ्या, कोरड्या जांभ्यात अर्थ नीट लागत नाही, आणि मे अखेरीस व ऑक्टोबरात विजा जोरात होतात.

राहिली कौलं. १०० चौरस मीटरला मंगलोरी कौलं साधारण १,५०० लागतात. दीडशे-दोनशे जास्तीची एकाच खेपेला मागवून पडवीच्या कडेला रचून ठेवा. वानरं छपरावरून उड्या मारतात, आणि त्याच साच्याचं कौल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही.