वाचकांचे प्रश्न : घरच्या स्टुडिओचा संगणक

प्रश्न : चवथीच्या घुमट आरत्या, भजनं आणि नाट्यपदं घरीच रेकॉर्ड करतो. घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं आणि गायक मिळून आठ माइक लागतात. नंतर तानपुरा-हार्मोनियमचे सॅम्पल आणि रिव्हर्ब जोडले की गाणं चाळीस ट्रॅकवर जातं. नवा संगणक जुळवायचा आहे. दुकानदार सोळा कोअरचा (एकाच वेळी सोळा कामं करणारा) प्रोसेसर आणि गेमिंगचा मदरबोर्ड घ्या म्हणतो. घ्यावा का?
(एक वाचक, माशेल)

उत्तर : नको. रेकॉर्डिंगचा भार वाटतो त्याहून फार कमी असतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो. आठ माइक तासभर चालू ठेवले तरी जेमतेम ४ जीबी होतात. जुनापुराणा संगणकही एवढं करील. त्याला घाम फुटतो तो प्लग-इनमुळे, म्हणजे रिव्हर्बसारख्या आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांमुळे. बफर, म्हणजे एका दमात हिशेब करायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा (मोजमापांचा) ठेवला तर प्रोसेसरच्या हाती २.६७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचं गणित उरकलं नाही की स्पीकरमधून ‘कट्ट’ ऐकू येतं. पुढच्या क्षणी तो कितीही मोकळा बसला असला तरी चुकलेला क्षण चुकला.

यात एक मेख आहे. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात, पण एकाच ट्रॅकवर ओळीनं लावलेले प्लग-इन वाटता येत नाहीत. इक्वलायझरचं काम झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला सुरुवात करता येत नाही. मास्टर ट्रॅकवर तर सगळ्यांचीच रांग. म्हणून एका कोअरचा वेग आधी बघा, कोअरची संख्या नंतर. तुमच्या कामाला सहा कोअर पुरतात, आठ असले तर निवांत.

आमची निवड एएमडी रायझन ५ ७६००. सॅम्पल सढळ हातानं वापरत असाल तर रायझन ७ ७७००. दोन्ही ६५ वॉटचे, पूर्ण भारावर ८८ वॉटपर्यंत जाणारे. उष्णता कमी, म्हणून पंखा सावकाश फिरतो. गायक त्याच खोलीत कंडेन्सर माइकपुढे बसणार असेल तर हे लाखमोलाचं. प्रोसेसरच्या खोक्यात मिळणाऱ्या कूलरनं काम भागतं, पण १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर बसवलात तर आवाज आणखी उतरेल. दोघांतही साधं ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. स्वस्त दिसला म्हणून ७५००एफ उचलू नका. त्या ‘एफ’चा अर्थ ग्राफिक्स नाही असा, आणि कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो. ‘एक्स३डी’वाले गेम खेळणाऱ्यांसाठी सोडा.

बोर्ड बी६५० चिपसेटचा घ्या. ‘हाय-फाय ऑडिओ’ची सोनेरी अक्षरं आणि रंगीत दिवे यांचे पैसे देऊ नका, तुमचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून) जाणार, बोर्डावरच्या साउंडचिपशी त्याचा संबंधच नाही. बघायचं ते हे : मागच्या बाजूला सहा तरी यूएसबी, एम.२ एसएसडीच्या दोन जागा, व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर हीटसिंक आणि प्रोसेसर न बसवताही बायॉस (बोर्डाचा मूळ प्रोग्राम) बदलता येईल असं मागचं बटण. पुढे रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर घालायचा झाला तर आधी बायॉस नवं करावं लागतं, कारण जुन्या बायॉसला तो ओळखूच येत नाही. जुना प्रोसेसर हाती नसला तरी या बटणानं ते जमतं. या बोर्डांवरचा एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) किमान २०२७ पर्यंत चालवण्याचं एएमडीनं जाहीर केलं आहे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचा रस्ता मात्र १४व्या पिढीला संपला. इंटरफेस यूएसबीऐवजी थंडरबोल्ट जोडणीचा असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि थंडरबोल्ट असलेलाच बोर्ड शोधा.

पैसे देण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून वाचा. काही बोर्डांवर दुसरी एम.२ भरली की साटाचे (जुन्या पद्धतीच्या डिस्कचे) एकदोन पोर्ट बंद पडतात. कुठले यूएसबी थेट प्रोसेसरला जोडलेले आहेत तेही त्यातच असतं. इंटरफेस त्यांतल्या एकात लावा, हबमध्ये नको.

रॅम डीडीआर५, १६ जीबीच्या दोन स्टिक. ‘आता दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन’ हा बेत इथं फसतो. चार स्टिक लावल्या की या प्रोसेसरांचा रॅमचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. जास्त लागणारच असेल तर पहिल्यापासून ३२ च्या दोन घ्या. जुळणी झाल्यावर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पडदा काही मिनिटं काळा राहील. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

आणि गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो ही तक्रार प्रोसेसर बदलून पुरती जाणार नाही. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, त्यात आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. तसे तीन मीटरवर बसलेल्या घुमटवाल्याचे ठोकेही नऊ मिलिसेकंदांनीच कानावर येतात, आणि आरती चुकत नाही.

प्रश्न : प्रोसेसरचा मीटर २० टक्क्यांवर, बफर २५६, तरी दहा-पंधरा सेकंदांनी आवाज तुटतो. नवा प्रोसेसर घेऊ?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : घेऊ नका. मीटर खाली असून आवाज तुटतो तेव्हा बहुतेक वेळा एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला मधेच अडवून धरत असतो. लेटन्सीमॉन हा प्रोग्राम वीस मिनिटं चालवा आणि ‘ड्रायव्हर्स’च्या पानावर सर्वांत जास्त वेळ खाणारा कोण ते बघा. वाय-फाय निघालं (नेहमीचा संशयित) तर डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून पुन्हा मोजा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर निघाला तर नवा घाला, तोच नवा असेल तर जुना. मग पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, इंटरफेससाठी त्याच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर घाला. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार नाही. बोर्ड एएमडी ५०० मालिकेचा असेल आणि बायॉस २०२१ नंतर बदललेलं नसेल तर आधी तेच करा. त्या बोर्डांवर यूएसबी मधेच तुटायचं आणि बायॉसमधल्या एएमडीच्या एजिसा या भागाच्या १.२.०.२ आवृत्तीत त्यावर उपाय आला.

प्रश्न : वापरलेला इंटेल आय७ १४७००के स्वस्तात मिळतोय.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : मूळ बिल आणि वॉरंटी हाती येत नसेल तर सोडून द्या. १३व्या-१४व्या पिढीतले बरेच जोरकस प्रोसेसर जादा व्होल्टेजनं हळूहळू बिघडत होते. इंटेलनं २०२४ मध्ये दुरुस्तीचे मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना) काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण नव्या बायॉसनं पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून निघत नाही. आधीच्या मालकानं बायॉस कधी बदललं, हे तुम्हाला त्याच्या शब्दावरच मानावं लागेल.

प्रश्न : घर समुद्राला लागून. पावसाळ्यात संगणक महिनाभर बंद राहिला की चालूच होत नाही.
(एक वाचक, हरमल)

उत्तर : खारी हवा आणि दमट दिवस, दोन्ही मिळून संपर्कांवर थर धरतात. वायर काढा, रॅमच्या स्टिक उपसा, तळाची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्यानं पुसा, वाळू द्या, परत बसवा. खोडरबरानं घासायची सगळ्यांना सवय आहे, पण त्यानं सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. पावसाळ्यात रोज तासभर संगणक चालवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. कॅबिनेट खिडकीपासून दूर, हवा आत घेणाऱ्या पंख्यांना जाळी. एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या तर गार धातूवर दव जमतं, म्हणून खोली तापेपर्यंत खिडक्या लावलेल्याच ठेवा. एसी गाडीतून इंटरफेस मांडवात नेलात तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा घ्या. हल्लीचे काही एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा करणारे डबे) साध्या यूपीएसवर बॅटरी लागताच बंद पडू शकतात. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा.