लेकीला लॉयलिस्ट बायकांवर संशोधन करायचंय

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. लेक टी.वाय.बी.ए.ला आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिलेल्या, म्हणजे लॉयलिस्ट कुटुंबांतल्या बायकांवर तिला संशोधन करायचंय, आणि ‘असल्या भलत्या विषयावर पोट कसं भरणार?’ असं तुम्ही विचारलंय.

पोटाचं बोलूच, पण विषय भलता नाही. फिलाडेल्फियाची ग्रेस गॅलोवे घ्या. १७७८ मध्ये इंग्रज फौज शहर सोडून निघाली, तिच्याबरोबर ग्रेसचा नवरा आणि मुलगीही गेली. वडिलांकडून आलेली इस्टेट वाचवायला ही एकटी मागे राहिली. पण कायद्याने बायकोच्या इस्टेटीवर ताबा नवऱ्याचा, आणि नवरा ठरला देशद्रोही. तिला राहत्या घरातून बाहेर काढलं. हे सगळं तिने रोजनिशीत लिहून ठेवलंय.

युद्धानंतर ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. त्यापुढे दावा मांडणाऱ्या ४६८ बायकांचा अभ्यास झालाय. घरातली भांडीकुंडी, सामानसुमान त्या बारकाईने सांगतात. जमिनीची किंमत, नवऱ्याचं कर्ज विचारलं की अनेकींना सांगता येत नाही. वडील गेल्यावर मुलांच्या शिक्षणाचा सल्ला विचारायला माझ्याकडे येणाऱ्या आयाही अशाच असतात. घर तोंडपाठ, पण एफडी कुठल्या बँकेत ते ठाऊक नसतं. तुमच्या मुलीला हे कागदांतून वाचायचंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पोटाचं. कर्ज काढून परदेशात एम.ए. करू देऊ नका. एम.ए. इथेच करावं, सोबत नेट-सेट. बाहेर जायचं ते पीएच.डी.ला, तेही फी माफ आणि विद्यावेतन मिळत असेल तरच. दाव्यांचे मूळ कागद लंडनमध्ये क्यूला, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कॅनडात फ्रेडरिक्टनच्या विद्यापीठातही लॉयलिस्ट कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तिथे मार्गदर्शक शोधावा. इथे या विषयाचे मार्गदर्शक फार कमी, हे आधीच सांगतो.

आणि या सुट्टीत तिला मोडी शिकू द्या. जुनं अक्षर लावणं, एक कागद दुसऱ्याशी ताडून बघणं ही नजर पेशवे दफ्तरातल्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर तयार होते, तीच क्यूला कामी येते. शिवाय जमिनीच्या जुन्या कागदांसाठी, कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणारी माणसं हवीच असतात. पुराभिलेखागार, संग्रहालयं याही वाटा आहेत, जागा मात्र मोजक्या.

पुढच्या महिन्यात दोघं या. येताना तिने ग्रेसच्या रोजनिशीवर दोन पानं मराठीत लिहून आणावीत, आणि ती तुम्ही आधी वाचा.